वर्षभराची वाट सगळ्यांना परवडत नाही

१९९३ च्या भूकंपात सास्तूर गाव उद्ध्वस्त झालं तेव्हा जे विशीत होते, ते आज पन्नाशी ओलांडून गेलेत. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह पुष्कळांना या वयापर्यंत गाठतो. गोळी रोजची होते, रक्तातली साखर तपासली जाते. डोळ्यांचा विषय निघाला की मात्र उत्तर येतं, ‘मला चांगलं दिसतंय की!’

हे उत्तरच घात करतं. वाढलेल्या साखरेनं दृष्टिपटलातल्या केशवाहिन्या फुगतात, पाझरतात, पुढे बंद पडतात. उपाशी राहिलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, त्यामुळे नव्या, ठिसूळ वाहिन्या वाढू लागतात. त्या फुटून डोळ्यात रक्त उतरेपर्यंत माणूस सुईत दोराही ओवत असतो.

म्हणून मधुमेह कळला त्याच वेळी पडदा तपासायचा, नंतर दर वर्षी. पण सगळे डोळे एका चालीनं बिघडत नाहीत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहींवरचा एक दीर्घ अमेरिकी अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पडदा स्वच्छ असलेल्यांना चार वर्षांनी तपासलं तरी चालेल, मध्यम बिघाड असेल तर सहा महिन्यांनी आणि तीव्र असेल तर तीनच महिन्यांनी तपासावं, असं त्यात निघालं. त्यातही पडदा स्वच्छ असलेल्यांत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ६ असलेल्यांपैकी १ टक्का पाच वर्षांत गंभीर टप्प्याला पोचले; १० असलेल्यांपैकी ४.३ टक्के तीनच वर्षांत. साखर वर्षानुवर्षं चढलेली असेल, तर चार वर्षांची सवलत आपली नव्हे. तीव्र अवस्थेतल्या, उपचार न झालेल्या डोळ्यांपैकी सुमारे निम्म्यांत वर्षभरात नव्या वाहिन्या वाढू लागतात. तिथे वर्षानं येणं म्हणजे उशिरा येणं.

गरोदरपण, वाढलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार यांतही वेग वाढतो. आणखी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते: बरीच वर्षं चढलेली साखर इन्सुलिननं झपाट्यानं उतरली, तर आधीच बिघडलेला पडदा काही महिने जास्त बिघडू शकतो. औषध अजिबात थांबवू नका, पुढे फायदा त्याचाच आहे. पण उपचार वाढवण्याआधी आणि नंतर काही महिन्यांनी पडदा दाखवा.

वेळेत सापडलं तर लेसर आणि डोळ्यातली इंजेक्शनं दृष्टी वाचवतात. गेलेली दृष्टी परत येईलच असं नाही. तपासणीला सोबत कुणीतरी न्या, थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, मोटारसायकल चालवू नका. आणि उठण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘माझ्या पडद्याची अवस्था काय, पुढच्या वेळी कधी येऊ?’ ती तारीख केसपेपरवर लिहून घ्या.