डुकरांचा खेळ व त्यांचें मन

‘डुक्कर’ हा शब्द आपल्या भाषेंत बहुधा शिवी म्हणूनच उच्चारिला जातो. घाण व खादाडपणा ह्यांपलीकडे ह्या प्राण्याच्या अंगीं कांहीं असेल, अशी कल्पनाहि आपल्या मनास शिवत नाहीं. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांतहि त्या मुलाची अधोगति दाखविण्यास डुकरें चारण्याचाच धंदा योजिला आहे. परंतु ज्यांनीं ह्या प्राण्याचें शांतपणें निरीक्षण केलें, ते निराळीच हकीकत सांगतात. ती येथें थोडक्यांत मांडावी, असा आमचा हेतु आहे.

स्कॉटलंडांत एडिंबरो येथील स्टोल्बा व वुड-गश ह्या शास्त्रज्ञांनीं पाळीव डुकरांचे लहान कळप झाडी, ओढा व चिखल असलेल्या मोकळ्या कुंपणांत सोडून त्यांचें दीर्घकाळ निरीक्षण केलें, व तें १९८९ सालीं प्रसिद्ध केलें. तीं डुकरें तेथें आपल्या रानटी पूर्वजांसारखींच वागूं लागलीं. तत्पूर्वीं १९८८ सालीं न्यूबेरी, वुड-गश व हॉल ह्यांनीं पिल्लांच्या खेळाचें बारकाईनें वर्णन केलें होतें. जन्मानंतर थोड्याच दिवसांत पिल्लें खेळूं लागतात. एखादें पिल्लूं एकाएकीं धूम ठोकतें, उडी मारतें, स्वतःभोंवतीं गर्रकन् फिरतें, मान झटकतें व मध्येंच अंग टाकून देतें. दुसरें तोंडांत काडी धरून ती हालवितें. तिसरें भावंडास ढुशी देऊन लुटुपुटीची लढाई सुरू करतें. मधून मधून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा एक तोकडा आवाज ऐकूं येतो.

हा खेळ आनंदाचेंच चिन्ह कशावरून, असा प्रश्न वाचक विचारतील. खेळांत शक्ति खर्च होते, व त्यापासून तत्काळ कांहीं लाभ दिसत नाहीं. म्हणून भूक, दुखणें किंवा भीति ह्यांनीं पीडिलेला प्राणी आधीं खेळ सोडतो. खेळणाऱ्या प्राण्यास मोठें दुःख नाहीं, एवढें ह्यावरून अनुमान करितां येतें. परंतु दुःखाचा अभाव म्हणजे सुख नव्हे. ह्यासाठीं हॉलंडांतील वाखेनिंगेन विद्यापीठाचा २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. त्यांत डुकरांस एका प्रसंगीं पेंढा व चॉकलेट लावलेले मनुके असलेल्या प्रशस्त जागेंत सोडीत, व दुसऱ्या प्रसंगीं एकटें ठेवीत. पहिल्या प्रसंगीं खेळ, तें तोकडें भुंकणें व शेपटीची हालचाल दिसून आली. दुसऱ्या प्रसंगीं कान मागें पडत व मलमूत्रविसर्जन होई. पुढें २०२२ सालीं यूरोपांतील शास्त्रज्ञांनीं ४११ डुकरांचे ७४१४ आवाज तपासले, तेव्हां आवाज सुखाचा कीं दुःखाचा हें संगणकाच्या साहाय्यानें शेंकडा ९२ वेळां बरोबर ओळखितां आलें. सुखाचे आवाज आंखूड असतात, असेंहि आढळलें.

तथापि एक सावधगिरी राखिली पाहिजे. बराच काळ कोंडून ठेविलेला प्राणी मोकळा होतांच अधिकच बागडतो. म्हणून क्षणभराचा खेळ पाहून त्याचें सारें आयुष्य सुखांत चाललें आहे, असें समजूं नये. खेळाबरोबर आवाज, कान व शेपटी ह्यांचीहि साक्ष घ्यावी.

ह्या ज्ञानाचा उपयोग केवळ कुतूहलापुरता नाहीं. मोकळेपणीं वाढणारीं पिल्लें सुमारें तीन-चार महिने आईचें दूध पितात. मोठाल्या पालनगृहांत मात्र तीं तीन-चार आठवड्यांचीं होतांच आईपासून तोडितात, आणि कित्येकांस उघड्या टणक जमिनीवर ठेवितात. यूरोपीय संघाच्या २००८ सालच्या नियमानें डुकरांस उकरण्याचावण्यासाठीं पेंढा, लांकूड इत्यादि वस्तु सदैव मिळाल्या पाहिजेत, असें ठरविलें. मूठभर पेंढ्याची किंमत ती काय! परंतु पिल्लास तोच खेळणें व तोच उद्योग होतो.

आमच्या बालमित्रांस गांवाच्या कडेला डुकराचीं पिल्लें दिसतात, तेव्हां हात बहुधा दगडाकडे जातो. पुढल्या वेळीं दगड उचलण्यापूर्वीं त्यांनीं क्षणभर थांबून पाहावें. त्यांतलें एखादें पिल्लूं स्वतःभोंवतीं गिरकी घेत असेल, तर मधल्या सुटींत आपणहि तेंच करितों, ही आठवण त्यांस खचित होईल.