ठणका थांबलेली दाढ

रात्र रात्र झोपू न देणारी दाढ चार दिवसांनी आपोआप शांत झाली, की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. श्रेय लवंगेच्या तेलाला मिळतं, नाहीतर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांना, आणि दाताच्या डॉक्टरांकडे जाणं ‘दिवाळी झाली की बघू’वर जातं. खरा धोका बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोचली की आतली नस सुजते. चारही बाजूंनी कठीण कवच, सुजेला पसरायला जागा नाही, म्हणून तो जीवघेणा ठणका. पुढे नस मरते आणि दुखणं कळवणारंच कुणी उरत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरलेले असतात. तिथे पू साठतो. कधी हिरडीवर फोड येतो, फुटतो, तोंडाला खारट घाण चव येते आणि पुन्हा बरं वाटतं. अँटिबायोटिकनेही असंच फसायला होतं. औषध रक्तातून पोचतं. मेलेल्या नसेला रक्तपुरवठाच नसतो. आजूबाजूची सूज उतरते, मूळ जागच्या जागी राहतं.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात २००७ साली डिमाँटे ड्रायव्हर हा बारा वर्षांचा मुलगा असाच गेला. त्याचा धाकटा भाऊ दात दुखतात म्हणून सतत तक्रार करायचा. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार करणारा दंतवैद्य मिळवण्यासाठी आईची सगळी धडपड त्या धाकट्यासाठी चालली होती. डिमाँटेने दाताबद्दल तक्रार केली नव्हती. जानेवारीत तो शाळेतून आला तो डोकं दुखतंय म्हणत. दाताच्या गळवातले जंतू मेंदूपर्यंत पोचले होते. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, दातही काढला. २५ फेब्रुवारीला तो दगावला. साधारण ८० डॉलरमध्ये निघाला असता असा तो दात. रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला. या मृत्यूने तिकडे मोठी खळबळ उडाली आणि २००९च्या कायद्याने मुलांच्या सरकारी आरोग्यविम्यात दातांचे उपचार सक्तीचे झाले.

मेंदूपर्यंत जाणं विरळा. आपल्याकडे जास्त भीती खालच्या दाढांची. शेवटच्या दोन दाढांची मुळं इतकी खोल असतात, की पू हाड फोडून थेट जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला उतरतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जिभेखालचा भाग लाकडासारखा टणक होतो, जीभ वर उचलली जाते, श्वासाची वाट अरुंद होते. अँटिबायोटिक नव्हती त्या काळात यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आजही हे तासांत बिघडणारं दुखणं आहे. मधुमेह असेल तर आणखी घाई हवी: साखर वाढली की संसर्ग फोफावतो आणि संसर्गाने साखर वाढते.

एवढं असूनही माणसं थांबतात. वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. ती साफ खोटी आहे. दाढेचा आणि दृष्टीच्या नसेचा मार्ग वेगळा. दुसरी भीती दुखण्याची, आणि तिच्यात थोडं तथ्य आहे. पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही. म्हणजे भीतीपोटी थांबणाऱ्याचा दात काढणंच अवघड होत जातं. डॉक्टरांनी तपासून ‘आधी चार दिवस औषध, मग काढू’ म्हणणं वेगळं आणि आपणच मनाने पुढे ढकलणं वेगळं. वेळेत गेलात तर कदाचित काढावाही लागणार नाही, रूट कॅनॉलवर भागेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद न करता आधी सांगावी. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये.

तोंड दोन बोटांएवढंही उघडत नसेल, गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल, सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकत असेल, तर दवाखाना उघडायची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा आणि दाराशीच सांगा, की सुरुवात दाढेपासून झाली.