समाजातील सेन्सॉरशिपची विविध रूपे : शिरूर-दौंड परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मानव हा विचार करणारा व तो विचार भाषेतून व्यक्त करणारा प्राणी आहे. म्हणूनच भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) ने नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले असून, त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील हे अनुच्छेद १९ (२) मध्ये नमूद केले आहे. 'सेन्सॉरशिप' हा शब्द उच्चारला की सामान्यतः चित्रपटाला लागणारी कात्री, पुस्तकावरील बंदी किंवा आणीबाणीतील (१९७५-७७) वृत्तपत्रांची तपासणी डोळ्यांसमोर येते. ही सर्व रूपे शासनाशी संबंधित आहेत. तथापि, समाजात अभिव्यक्तीवर येणारे सर्वच नियंत्रण शासकीय आदेशातून येत नाही. त्याचा बराचसा भाग कुटुंब, जात, धर्मसंस्था, गाव आणि व्यक्तीचे स्वतःचे मन यांच्यामार्फत अमलात येतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांशी निगडित उदाहरणांच्या आधारे सेन्सॉरशिपची ही विविध रूपे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना व मर्यादा :

एखादा विचार व्यक्त होण्यापूर्वी त्याला अडविणे, व्यक्त झाल्यानंतर त्याबद्दल शिक्षा करणे, अथवा तो लोकांपर्यंत पोहोचणार नाही अशी परिस्थिती निर्माण करणे, या तिन्ही कृतींना व्यापक अर्थाने सेन्सॉरशिप म्हणता येईल. येथे टीका आणि सेन्सॉरशिप यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. टीका कितीही कठोर असली तरी ती मूळ विचाराला उत्तर देते. सेन्सॉरशिप मात्र उत्तर देण्याऐवजी बोलणाऱ्याचे तोंड किंवा ऐकणाऱ्याचे कान बंद करते. टीकेनंतरही संबंधित व्यक्तीला बोलता येते का आणि इतरांना तिचे म्हणणे ऐकता येते का, हीच या भेदाची कसोटी होय.

कायद्याची सेन्सॉरशिप :

ब्रिटिश सत्तेने १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा व १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांविषयीचा कायदा यांद्वारे नियंत्रणाची चौकट उभी केली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' (१९०७) या पौराणिक नाटकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला व १९१० मध्ये त्यावर बंदी आली. स्वातंत्र्यानंतरही महाराष्ट्रात रंगभूमीची पूर्वतपासणी चालूच राहिली. विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर' (१९७२) या नाटकाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी न्यायालयात दाद मागितली व ते यशस्वी झाले.

या उदाहरणांतून कायद्याच्या सेन्सॉरशिपचे एक वैशिष्ट्य दिसून येते. तिला आदेश असतो, तारीख असते आणि सही करणारा अधिकारी असतो. म्हणूनच तिला आव्हान देता येते.

१८९७ : एक साथ, तीन आवाज :

सेन्सॉरशिपची भिन्न रूपे एकाच प्रसंगात पाहावयाची असतील तर पुण्यातील १८९७ च्या प्लेगकडे वळावे लागते. वॉल्टर रँड यांच्या अधिकाराखाली झालेल्या घरतपासणीविरुद्ध तेव्हा मोठा असंतोष निर्माण झाला. त्या काळात तीन व्यक्तींनी आवाज उठविला व तिघांनाही वेगवेगळ्या मार्गांनी गप्प करण्यात आले.

लोकमान्य टिळकांवर 'केसरी'तील लेखनाबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १२४ (अ) खाली खटला भरण्यात आला व त्यांना १८ महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. हे दंडाचे रूप होय. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये असताना सैनिकांच्या वर्तनाविषयी आरोप जाहीर केले. ते पुराव्यानिशी सिद्ध करता न आल्याने मायदेशी परतल्यावर त्यांना जाहीर क्षमायाचना करावी लागली. भयग्रस्त समाजात साक्ष देण्यास कोण पुढे येणार, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. येथे कोणतीही बंदी नव्हती. पुराव्याची अट हेच नियंत्रणाचे साधन ठरले.

तिसरा आवाज पंडिता रमाबाईंचा होता. प्लेगच्या रुग्णालयातील व विलगीकरण छावणीतील स्त्रियांच्या असुरक्षिततेविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात लिहिले. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. परंतु गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे निराधार ठरवून फेटाळून लावले. रमाबाईंना तुरुंगात टाकले नाही, त्यांच्याकडून क्षमायाचनाही घेतली नाही. त्यांची विश्वासार्हता नाकारणे एवढेच पुरेसे ठरले.

समाज व धर्मसंस्थेची सेन्सॉरशिप :

याच रमाबाईंचे पुढील कार्य दौंड तालुक्यातील केडगाव येथे उभे राहिले. त्यांच्या चरित्रात सामाजिक सेन्सॉरशिपचे रूप अधिक ठळकपणे दिसते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले 'शारदा सदन' पुढील वर्षी पुण्यात आले. १८९३ मध्ये सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून वाद पेटला. सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि पालकांनी अनेक मुली सदनातून नेल्या. शासनाचा कोणताही आदेश यामागे नव्हता. 'केसरी'ने केलेली टीका हा त्या पत्राचा अधिकारच होता व पालकांची चिंताही प्रामाणिक असू शकेल. तथापि, ज्या विधवा मुलींच्या शिक्षणाचा हा प्रश्न होता, त्यांचे मत या वादात निर्णायक मानले गेले नाही.

नियंत्रण केवळ एका बाजूनेच आले असे नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केल्यानंतर रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना पुढे आली, तेव्हा भारतातील बिशपांनी तिला विरोध केला. म्हणजे ज्या धर्मात त्या गेल्या, तेथेही स्त्रीने कोणासमोर बोलावे याच्या सीमा आखलेल्याच होत्या.

रमाबाईंनी यावर शोधलेला मार्ग उल्लेखनीय आहे. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी छापखाना उभारला व मुलींना छपाईची कामे शिकविली. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि ते तेथेच छापले गेले. अभिव्यक्तीचे साधन स्वतःच्या हाती असणे, हे सामाजिक सेन्सॉरशिपला दिलेले सर्वात परिणामकारक उत्तर होय.

विस्मरणाची सेन्सॉरशिप :

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर अनेक दशके महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात त्यांना त्यांच्या कार्याच्या प्रमाणात स्थान मिळाले नाही. उमा चक्रवर्ती यांचा १९९८ चा ग्रंथ व मीरा कोसंबी यांचे संशोधन यांमुळे हे चित्र पालटू लागले. पुस्तक जाळले तर त्याची राख तरी उरते. उल्लेखच टाळला तर काय वगळले गेले हेही पुढच्या पिढीला कळत नाही.

स्मृतीवरील नियंत्रणाचे दुसरे उदाहरण शिरूर तालुक्यात आढळते. वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. १६८९ मध्ये महाराजांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी वेगवेगळ्या परंपरा सांगितल्या जातात. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस या संदर्भातील एका फलकावरून तेथे तणाव निर्माण झाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. त्या घटनेची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नाही. मात्र इतिहासाविषयीचा मतभेद पुराव्यांच्या चर्चेतून न सुटता फलक लावणे व हटविणे यावर येऊन ठेपला, की कोणत्या पूर्वजाचे नाव गावात दिसावे हे संख्या व बळ ठरविते.

लोककला व परवाना :

केडगावजवळील चौफुला हे गाव तेथील कलाकेंद्रांमुळे सर्वपरिचित आहे. तमाशासारख्या लोककलांच्या सार्वजनिक प्रयोगांसाठी पूर्वतपासणी व परवाना यांची चौकट महाराष्ट्रात दीर्घकाळ राहिली असून, अशा पूर्वतपासणीला अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. परंतु तमाशातील बतावणी व सवाल-जवाब हे बऱ्याच अंशी जागच्या जागी रचले जातात. कागदावरील संहिता तपासली तरी रंगमंचावरील उत्स्फूर्त शब्द तपासता येत नाही. तेथे दुसरे नियंत्रण काम करते. सुपारी देणाऱ्यांना व पुढे बसणाऱ्यांना काय रुचेल, हे कलावंत आधीच ओळखतो. ज्या कलावंत स्त्रीकडे समाज आधीच तुच्छतेने पाहतो, तिला स्वतःच्या जीवनाविषयी बोलण्याची मुभा सर्वात कमी मिळते.

स्व-नियंत्रण :

यातूनच सेन्सॉरशिपचे सर्वात सूक्ष्म रूप निर्माण होते. २०१२ मध्ये पालघर येथे समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ (अ) घटनाबाह्य ठरविले. कलम रद्द झाले. तथापि त्या अटकेने निर्माण केलेली भीती न्यायालयाच्या निर्णयाने रद्द होत नाही. गावातील समूहसंदेशात लिहिलेले वाक्य पाठविण्यापूर्वी पुसून टाकणारा तरुण किंवा ग्रामसभेत हजर राहूनही न बोलणारी स्त्री यांना कोणीही मनाई केलेली नसते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सेन्सॉरशिप ही केवळ शासनाची कृती नसून समाज, धर्मसंस्था, इतिहासलेखन व व्यक्तिमन यांतूनही ती कार्य करते.

२. लेखी आदेशाविरुद्ध दाद मागता येते; अलिखित नियंत्रणाविरुद्ध दाद मागणे अत्यंत कठीण असते. त्यामुळे दिसणाऱ्या बंदीपेक्षा न दिसणारे मौन अधिक काळ टिकते.

३. या अलिखित नियंत्रणाचा भार स्त्रिया, दलित व लोककलावंत यांच्यावर अधिक पडतो, कारण त्यांच्या शब्दाला मुळातच कमी विश्वासार्हता दिली जाते.

४. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा महाराष्ट्राचा अधिनियम २०१७ मध्ये अमलात आला. समाजाकडून होणाऱ्या गळचेपीचा एक प्रकार कायद्याने गुन्हा मानला, हे महत्त्वाचे पाऊल आहे.

५. कायद्याला मर्यादा असल्याने शिक्षणसंस्थांची जबाबदारी वाढते. स्थानिक इतिहासातील वगळलेल्या नावांचा शोध घेणे व मतभेद असूनही ऐकून घेण्याची सवय वर्गात लावणे, हे कार्य महाविद्यालयांना करता येण्यासारखे आहे. केडगावचा छापखाना ज्या परिसरात चालला, तेथील विद्यार्थ्यांना तरी तो का उभारावा लागला हे ज्ञात असणे अगत्याचे आहे.