लेन्समधलं ‘केमिकल’ आणि ग्राइंडरपुढचे डोळे

‘फायबर नको, ती केमिकलची, आपली साधी काच बरी.’ अंबड एमआयडीसीत ग्राइंडरवर दिवस काढणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य सारखं ऐकू येतं. चष्म्याच्या दुकानात १.६० इंडेक्सची, म्हणजे प्रकाश जास्त वळवणारी, लेन्स घासताना गंधकाचा उग्र वास सुटला, की समज पक्का होतो. वर कुणीतरी सांगतं, यात आयसोसायनेट असतं, भोपाळचंच!

नाही, भोपाळचं नाही. १९८४ साली तिथे सुटलं ते मिथाइल आयसोसायनेट, जेमतेम ३९ अंश सेल्सिअसला उकळणारं. लेन्ससाठी लागतात ती डायआयसोसायनेटं जड, सहज न उडणारी. गंधकयुक्त थायॉलमध्ये मिसळून साच्यात तापवली, की दोघांचे रेणू एकमेकांत बांधले जातात आणि कडक, घन पॉलिमर तयार होतं. घासताना वास येतो तो या पॉलिमरमधल्या गंधकाचा; तोच चष्मा नाकावर असताना येतो का? पॉलिकार्बोनेट करायच्या जुन्या पद्धतीत तर फॉस्जीन हा विषारी वायू लागतो, तरी त्याचेच गॉगल कारखान्यात डोळे वाचवतात. कच्च्या मालाचे गुण पक्क्या मालाला चिकटवणं आता थांबवा! खरा धोका आहे तो डायआयसोसायनेट हाताळणाऱ्या कामगाराला: वाफ श्वासात गेली तर दमा जडू शकतो. काळजी त्याची करा.

‘भंगार प्लास्टिक वितळवून ओततात’ हेही खोटं. नेहमीची फायबर म्हणजे सीआर-३९. तिचं द्रव मोनोमर पेरॉक्साइड घालून काचेच्या दोन साच्यांमध्ये भरतात आणि भट्टीत तासन्‌तास हळूहळू तापवतात. घट्ट होताना ते सुमारे १४ टक्के आकसतं. घाई केली तर लेन्स तडकते. एकदा जमली की पुन्हा वितळत नाही. 

आणखी एक गैरसमज इंडेक्सचा: तो वाढला की लेन्स पातळ होते, नजर स्वच्छ होत नाही. 

आणि साधी काच? ठिणगीचा गरम कण तिच्यात रुततो, मोठा तुकडा लागला तर तिच्याच चिपा डोळ्यात जातात. सीआर-३९ तिच्याहून बरी, पण नंबरचा रोजचा चष्मा म्हणजे सुरक्षा चष्मा नव्हे. ग्राइंडर सुरू करण्याआधी चष्म्यावर आयएस ५९८३ मानकाचा पॉलिकार्बोनेट गॉगल चढवा. नसेल तर मालकाकडे मागून घ्या. आणि तो थिनरने पुसू नका, पॉलिकार्बोनेट खराब होतं.