राजधानी बघायला पॅरिसच कशाला?

रात्री होस्टेलवर गप्पा रंगल्या की विषय हमखास 'फॉरेन'वर येतो. कुणाला पॅरिस बघायचंय, कुणाला प्राग. मलाही जायचंच आहे! पण दिवाळीच्या सुट्टीत उदगीरला मावशीकडे गेले होते, तिथून रेल्वेने भालकीमार्गे बीदरला जाऊन आले. तेव्हा कळलं, एक जुनी राजधानी तर आपल्या शेजारीच आहे. 1470 च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी इथे येऊन राहिला होता. म्हणजे तेव्हा युरोपातला माणूस आपल्याकडची राजधानी बघत होता!

बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला आणली. त्यांचा वजीर महमूद गावान मूळचा इराणमधल्या गिलानचा. त्याने बांधलेला मदरसा 1472 चा. तीन मजले, लेक्चर हॉल, लायब्ररी, मशीद आणि मुलांना राहायला खोल्या. थोडक्यात, होस्टेलसकट कॉलेज! 1696 मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग पडला. समोरच्या दोन मिनारांपैकी आता एकच उभा आहे. त्यावरच्या रंगीत टाइल्स मात्र अजून चमकतात.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती जमिनीखालची वास्तू, नौबादची 'करेज'. बीदर उंच पठारावर आहे. मग राजधानीला पाणी कुठून? वरचा जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी आत मुरतं आणि खालच्या काळ्या कठीण खडकावर अडतं. बहामनी काळात इराणी तंत्र वापरून तिथपर्यंत बोगदा खणला आणि त्याला अगदी हलका उतार दिला. मुरलेलं पाणी झिरपत बोगद्यात येतं आणि आपोआप वाहत जातं. पंप नाही, वीज नाही, फक्त ग्रॅव्हिटी! वरून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी भोकं पाडलेली आहेत. खणताना माती वर काढायला, आत हवा जायला आणि पाणी शेंदायला ती उपयोगी पडायची. बोगदा जमिनीखाली असल्यामुळे उन्हाने पाणी आटतही नाही.

हे बघताना मला आपलं लातूर आठवलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी शाळेत होते. पहिल्या खेपेला 5 लाख लिटर! आमच्या घरी आंघोळीचं पाणी बादलीत साठवून आई त्यातच फरशी पुसायची. आपल्याकडे जांभा नाही, म्हणून बीदरची करेज जशीच्या तशी लातुरात चालणार नाही, हे मान्य. पण आधी खडक ओळखायचा, पाणी कुठे थांबतं ते शोधायचं आणि मग शहर वसवायचं, एवढं तर शिकता येईल ना?

करेजमध्ये एका ठिकाणी जरी माती-कचरा साठला, तरी पुढचं पाणी अडतं. बीदरची करेजही अशीच गाळाने भरली होती. म्हणजे बांधणं जितकं महत्त्वाचं, तितकंच साफ ठेवणंही!

पुढच्या सुट्टीत जाऊन या. सिव्हिलवाल्यांनी तर नक्कीच. मिनारावरच्या टाइल्सचे फोटो काढून झाले, की एकदा जमिनीखालीही डोकावून बघा.