न पाहिलेल्या वाघाचं व्याकरण

लेखमाला : बोलायची इंग्रजी – लेखांक १२

पांढरकवड्याकडच्या शेतांत कधी सकाळी ओल्या मातीत पंजाचा ठसा दिसतो. टिपेश्वर अभयारण्य जवळ असल्यामुळे त्याचं फार नवल नसतं, पण बांधावर चर्चा रंगते. एक जण म्हणतो, ‘वाघच असन.’ दुसरा म्हणतो, ‘बिबट्या बी असू शकते.’ तिसरा ठसा नीट पाहून सांगतो, ‘बिबट्या नसनच, केवढा मोठा पंजा हाय!’ प्राणी यांपैकी कुणीच पाहिलेला नाही. खुणेवरून निष्कर्ष काढणं चाललं आहे आणि प्रत्येक जण आपल्या खात्रीचं माप क्रियापदातूनच देतो आहे. हीच तीन वाक्यं इंग्रजीत अशी होतात : ‘इट मस्ट बी अ टायगर’, ‘इट माइट बी अ लेपर्ड’, ‘इट कान्ट बी अ लेपर्ड’.

शाळेत ‘मस्ट’ आपल्याला भेटतो तो सक्ती करणारा म्हणून. ‘यू मस्ट वॉश युवर हँड्स’ हे पक्कं डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे ‘इट मस्ट बी अ टायगर’ वाचलं की मुलं बुचकळ्यात पडतात. खरं तर आपलं ‘पाहिजे’ हेच दुहेरी काम रोज करतं. ‘तू वेळेवर पोचलं पाहिजेस’ ही ताकीद, तर ‘एव्हाना गाडी आर्णीला पोचली पाहिजे’ हा अंदाज. हे दोन ‘पाहिजे’ शेजारी ठेवून दाखवले की पाचवीचं मूलही दोन्ही ‘मस्ट’ ओळखतं. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यापेक्षा हा रस्ता मला कितीतरी जवळचा वाटतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. ‘मस्ट’ कितीही ठाम वाटला, तरी त्याची खात्री साध्या ‘इज’पेक्षा कमीच असते. टिपेश्वरचाच एक वाघ याचं उत्तम उदाहरण आहे. ‘वॉकर’ नावानं गाजलेल्या या तरुण नराच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. २०१९ च्या जूनमध्ये तो टिपेश्वर सोडून निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते ओलांडत अखेर बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरली. कॉलर त्याचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत कळवत होती, म्हणून त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस ‘ही इज इन ज्ञानगंगा’ असं सरळ म्हणू शकत होता. तिथे ‘मस्ट’ची गरजच नव्हती. वाटेतल्या एखाद्या गावात फक्त पंजा पाहणाऱ्याला मात्र ‘अ टायगर मस्ट हॅव पास्ड हिअर’ असंच म्हणावं लागलं असतं. ‘मस्ट’ म्हणणारा माणूस सांगत असतो की मी पाहिलेलं नाही, पण पुरावा पाहता दुसरं काही संभवत नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. विज्ञानाचा अहवाल लिहायचा असो की पंचनामा, पाहिलेलं आणि ताडलेलं वेगळं ठेवता आलंच पाहिजे.

सगळ्यात जास्त चुका नकारात होतात. ‘तो घरी नसला पाहिजे’ असं आपण सहज म्हणतो आणि त्यावरून ‘ही मस्टन्ट बी ॲट होम’ असं इंग्रजी करतो. ऐकणाऱ्याला ते ‘त्यानं घरी असता कामा नये’ असं, म्हणजे मनाई केल्यासारखं ऐकू येऊ शकतं. निष्कर्ष नकारी असेल तर ‘कान्ट’ वापरा : ‘ही कान्ट बी ॲट होम, द डोअर इज लॉक्ड’. इथे ‘कान्ट’चा क्षमतेशी संबंध नाही, ‘शक्यच नाही’ एवढाच अर्थ. आणि नुसती शंका असेल, म्हणजे ‘नसेलही’ म्हणायचं असेल, तर ‘ही माइट नॉट बी ॲट होम’. ‘माइट’ला ‘नॉट’ जोडला तरी शंका शंकाच राहते, पण ‘कुड’ला जोडला की ‘कुडन्ट’मध्ये दार बंद होतं. ‘इट कुड बी अ लेपर्ड’ म्हणजे बिबट्या असू शकतो. ‘इट कुडन्ट बी अ लेपर्ड’ म्हणजे तो असणं शक्य नाही.

घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलताना ‘हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. हे अवघड वाटतं, पण मराठीचीच रचना आठवा : ‘पाऊस पडला असणार’. ‘पडला’ हे झालेलं काम आणि ‘असणार’ हा आपला निष्कर्ष. ‘इट मस्ट हॅव रेन्ड’मध्येही हेच दोन तुकडे आहेत, क्रम तेवढा उलटा. कपाशीच्या फुलाच्या पाकळ्या उमलायच्या ऐवजी एकमेकींत गुरफटून राहिल्या, तर शेतकरी त्या फुलाला डोमकळी म्हणतो आणि आत गुलाबी बोंडअळी आहे हे फूल न उकलताच ताडतो. ‘देअर मस्ट बी अ पिंक बोलवर्म इनसाइड’ हे झालं आत्ताबद्दल. ‘द मॉथ मस्ट हॅव लेड एग्ज हिअर’ हे आधी घडलेल्याबद्दल.

निष्कर्ष मांडला की समोरचा मान डोलावतो नाहीतर हरकत घेतो. तिथली पहिली ठेच म्हणजे ‘आय ॲम अग्री’. ‘मी सहमत आहे’मधला ‘आहे’ तिथे चिकटून येतो. ‘अग्री’ हेच क्रियापद आहे, म्हणून ‘आय अग्री’, ‘आय डोन्ट अग्री’. माणसाशी सहमत असाल तर पुढे ‘विथ’. प्रस्तावाला संमती देत असाल तर ‘टू’.

आपलं ‘पण’, वऱ्हाडीतलं ‘बी’, होकार-नकार दोन्हींत चालतं : ‘मले बी आवडते’, ‘मले बी नाई आवडत’. इंग्रजी इथे वाट बदलते. ‘आय लाइक भाकर’ला जोड द्यायची तर ‘सो डू आय’; ‘आय डोन्ट लाइक टी’ला जोड द्यायची तर ‘नायदर डू आय’. समोरच्याचं साहाय्यक क्रियापद उचलायचं : ‘आय ॲम टायर्ड’ला ‘सो ॲम आय’, ‘आय कान्ट स्विम’ला ‘नायदर कॅन आय’. ‘नायदर’मध्ये नकार आलेलाच असतो, म्हणून ‘नायदर डोन्ट आय’ कधीही नाही. मतभेद असेल तर काम आणखी सोपं. ‘आय लाइक इट’ला ‘आय डोन्ट’. ‘आय डोन्ट लाइक इट’ला ‘आय डू’.

‘नायदर’ने आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासातही एक वाद पेटवला होता. वेगवेगळ्या समाजांना स्वतंत्र मतदारसंघ देणाऱ्या १९३२ च्या जातीय निवाड्याबद्दल काँग्रेसने १९३४ मध्ये स्वीकारही नाही आणि नकारही नाही, म्हणजे ‘नायदर-नॉर’ अशी भूमिका घेतली. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांना ती मान्य झाली नाही. त्यांना उघड नकार हवा होता. मदनमोहन मालवीयांसह त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पार्टी काढली. मतभेद स्पष्ट शब्दांत मांडून त्याची किंमत मोजणाऱ्या अण्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता मुलाखतीत हमखास फसवणारी गोष्ट. ‘तुमच्याकडे अजून पाऊस नाही ना?’ यावर आपण ‘हो, नाही’ म्हणतो. तो ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ वस्तुस्थितीला धरून असतात. पाऊस नसेल तर ‘नो, इट हॅजन्ट रेन्ड’, आणि पडला असेल तर ‘येस, इट हॅज’, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. ‘यू डोन्ट हॅव एनी एक्स्पीरियन्स?’ या प्रश्नाला अनुभव नसलेल्या उमेदवारानं ‘येस’ म्हटलं, तर समोरचा अनुभव कुठला म्हणून विचारत बसतो. सवय होईपर्यंत एकटं ‘येस’ किंवा ‘नो’ देऊच नका, पुढे छोटं वाक्य जोडा : ‘नो, आय डोन्ट’, ‘येस, आय डू’. पुढच्या गुरुवारपर्यंत घरात दोघांनी मिळून असे नकारी प्रश्न एकमेकांना विचारा, आणि उत्तर देणाऱ्यानं प्रत्येक वेळी ते छोटं वाक्य पूर्ण म्हणावं.