हात हलला नाही, तरी स्नायू बोलतात

रिकामी कळशी हातात धरून उभे राहा, मग तीच काठोकाठ भरून धरा. मनगटावरच्या घड्याळातल्या गतिसंवेदकाला दोन्ही वेळा जवळपास सारखेच दिसेल: हात खाली, स्थिर. त्याला त्वरण आणि वळण्याचा वेग कळतो, लागलेला जोर नव्हे. कोपराखाली त्वचेवर चिकटवलेला स्नायूसंवेदक मात्र फरक लगेच सांगतो, कारण आकुंचन पावणाऱ्या तंतूंमधून उमटणारे, फार तर काही मिलिव्होल्टचे विद्युतस्पंदन तो टिपतो. हे स्पंदन प्रत्यक्ष हालचालीच्या थोडे आधीच उमटते. हात तुटलेल्या माणसाच्या उरलेल्या स्नायूंतही ते उमटते, म्हणून त्यावर कृत्रिम पंजा चालवता येतो. तेव्हा हालचाल ओळखायची तर दोन्ही साक्षी हव्यात, असे माझे मत.

यावर आक्षेप रास्त आहे: स्नायूंची साक्ष लहरी असते. घाम आला, पट्टा बोटभर सरकला, माणूस बदलला की यंत्राला शिकवलेले गणित चुकते. थकव्यानेही स्पंदनातल्या कंपनांची वारंवारता घसरते. कोपराखाली बांधायच्या ‘मायो’ या पट्ट्यात आठ स्नायूसंवेदक आणि गतिसंवेदक एकत्र होते, तरी 2018 मध्ये त्याची विक्री थांबली. पण लहरी साक्षीदाराला बाहेर काढण्यापेक्षा त्याची उलटतपासणी बरी: वापरणाऱ्याकडून रोज मिनिटभर ठरावीक हालचाली करून घेऊन यंत्राला नव्याने जुळवता येते, आणि हात कोणत्या स्थितीत आहे हे गतिसंवेदकाने सांगितले की त्याच स्पंदनाचा अर्थ अधिक नेमका लागतो.